पाहुणी फुलली तर कळव

॥ श्री ॥
ता. ९ जानेवारी

चि. भाऊस, ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पाकीट हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं असशील. माझंच आहे. नऊ वर्षांत तुझी वर्षाला एक याप्रमाणे नऊ कार्डं आली, प्रत्येकावर खुशाल आहे, काळजी नसावी. मीही तेवढंच उलट कळवत गेले. भावाबहिणीची पत्रं कसली, दोन कचेऱ्यांचा पत्रव्यवहार झाला तो.

आज सविस्तर लिहिते, कारण बातमी तशी आहे. हे पंपघरावर होते तेव्हापासून आमच्या अंगणात पाऊस मोजायचा डबा आहे. यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण डबाही चालू आहे आणि वहीही. परवा देवाची पूजा आटोपून वही चाळत बसले. यंदा नोव्हेंबरात दोन पाऊस झाले, मग अठरा दिवस कोरडे, आणि डिसेंबर लागताना एक दिवस संततधार, बारीक. अगदी असंच वहीत आणखी एकदाच आहे, नऊ वर्षांपूर्वी. त्याच वसंतात ओहोळाच्या कडेला पाहुणी फुलली होती.

आई म्हणायची, बाकीची फुलं घरची माणसं, ती दरवर्षी येणार. ही निळी मात्र पाहुणी. मनात आलं तर येते, बोलावून येत नाही. आईनं ती आयुष्यात दोनदा पाहिली, मी एकदा. तू एकदाही नाही, आणि ते कोणामुळे हे मी विसरलेले नाही. वहीत त्या दिवशीची नोंद आहे: पाऊस नाही. भाऊ आला. जेवला नाही.

असो. माळाला हिरवं मिसरूड फुटलंय. तुझ्या त्या पिवळ्या ताटल्या महिनाभरात येतील, जांभळ्या घंट्या त्यामागून. कॅमेरा घेऊन यायचं असेल तर दुकान कोणावर सोपवायचं ते आतापासून ठरव. घाईत विसरून गेलेली तुझी तिपाई कपाटामागे उभी आहे. दर महिन्याला पुसते. हे म्हणतात, तिचे पाय तुझ्यापेक्षा बरे असतील.

फोन करू नकोस. इथल्या दुकानातल्या फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या वस्तीला बोलावून सांगायचं.

लोभ नऊ वर्षं घडी घालून ठेवलाय. कसर लागली नसेल तर बाहेर काढावा.

तुझी,
ताई


ता. २० जानेवारी

ति. ताईस, भाऊचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाठीमागच्या बाजूला पंपघराच्या तेलाची यादी आहे, तीही वाचली. कोऱ्या कागदावर लिहिलंस तर आभाळ कोसळेल असं अजून वाटतं का तुला?

माझं दुकान नेहमीसारखं. दिवसभर ओळखपत्रांचे फोटो. हनुवटी खाली, खांदे सरळ, हसू नका. माणसांना हसू नका म्हणून सांगायचं हा माझा धंदा झालाय. पण वर्षातले वीस दिवस माळासाठी ठेवतो. तुझ्या बाजूला येत नाही, पलीकडच्या अंगानं जातो. तुला कळत असेलच.

कॉलेजातल्या वनस्पतीवाल्या बाई आपल्या माळावरच्या फुलांचं पुस्तक करतायत. फोटो सगळे माझे. एकसष्ट फुलं झाली. बासष्टावं पान कोरं आहे, त्यावर मी पेन्सिलीनं आईनं ठेवलेलं नाव लिहून ठेवलंय. बाई म्हणतात, आईवर अविश्वास नाही, पण सांगोवांगी छापता येत नाही. फूल जमिनीत उभं असताना काढलेला फोटो हवा, पान, देठ, पायाखालची माती सगळं दिसणारा. मार्चअखेर पुस्तक छापायला जातं. तोवर झालं तर झालं. माझा उजवा डोळाही आता कुरकुरतो. पुन्हा नऊ वर्षं थांबायची माझी तयारी नाही.

ताई, राग गेलाय असं लिहिलं तर खोटं होईल. तीन दिवस तीन रात्री प्रवास करून आलो होतो. अकरा फुलं आली होती म्हणालीस, आणि अकराच्या अकरा तुझ्या देवापुढे तबकात मान टाकून पडलेली. एक ठेवलं असतंस.

पाहुणी फुलली तर कळव. तोवर कृपा करून ओहोळाकडे फिरकू नकोस.

भाऊजींना नमस्कार. माझ्या पायांची चौकशी केल्याबद्दल आभारी आहे म्हणावं.

तुझा,
भाऊ


॥ श्री ॥
ता. २८ जानेवारी

चि. भाऊस अ. आ. वि. वि.

फिरकू नकोस लिहिलंस, पण तुझं पत्र पोचायच्या आधीच मी पाच वेळा फिरकून आले होते. हात पाठीमागे बांधून गेले, एवढं समज.

एक ठेवलं असतंस, हे वाक्य तू त्या दिवशी बोलला नव्हतास. त्या दिवशी जे बोललास ते मी पुन्हा लिहीत नाही. पण आज विचारलंसच, तर सांगते.

त्या हिवाळ्यात तुझ्या छातीत पाणी झालं होतं. इस्पितळातून सुटून तुला बारा दिवस झाले होते आणि डॉक्टर प्रवासाला नको म्हणत असताना तू निघालास. शुक्रवारी पोचतो म्हणून कळवलंस. शुक्रवारी बस आली नाही. रात्री दुकानदारानं सांगितलं, घाटाखाली एक बस कलंडलीय, कुठली ते ठाऊक नाही. हे चौकशीला बाहेर पडले. मी घरात एकटी. पहाटे उठून ओहोळावर गेले. माझ्याकडे देवाला द्यावं असं दुसरं होतं काय? आधी दिलं, मग मागितलं. वाट बघून मग द्यायचा धीर नव्हता.

एक मागे ठेवावं असं तेव्हा मनात आलं होतं, भाऊ. हात थांबलाही होता. पण ते एक ठेवलं असतं आणि तुझं काही बरंवाईट झालं असतं, तर ते फूल मला जन्मभर खात राहिलं असतं. म्हणून देठासकट सगळी आणली. संध्याकाळी तू मालाच्या ट्रकमधून धुळीनं माखून उतरलास. मला तू दिसत होतास, तुला तबक दिसत होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू माझ्या देवाला बोललास, आणि मग माझंही तोंड मिटलं ते मिटलं.

आता खरी बातमी, आणि ती चांगली नाही. ओहोळात काही नाही. पावसानं कड खचून गाळ बसलाय. दुसरी फुलं वर यायला लागली, पण जिथे पाहुणी होती तिथे नुसती भेगाळलेली माती. मला रोज वाटतं, सगळी तोडली म्हणून बी पडलंच नसेल. आईची पाहुणी माझ्या हातानं संपली असेल, तर पूजेला बसताना मी देवाकडे कुठल्या तोंडानं बघू?

डोळ्याला काय होतंय ते नीट लिही. कुरकुरतो म्हणजे दार आहे का ते.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

ताई


ता. ५ फेब्रुवारी

ति. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात उघडलं, चूक झाली. समोर एक शिक्षक फोटोला बसले होते. त्यांना हनुवटी खाली सांगायच्या ऐवजी वर, अजून वर सांगत राहिलो. छापून आलेल्या फोटोत ते छताला भाषण देतायत. फुकटात दुसरा काढून दिला.

बस कलंडल्याचं मला ठाऊकच नव्हतं. माझी बस घाटाच्या अलीकडेच बंद पडली, म्हणून ट्रक धरला. मला वाटलं होतं, रोजची पूजा म्हणून तू सहज खुडून आणलीस, शेजारच्या कुंपणावरची आणावीत तशी. नऊ वर्षं मी त्या सहजपणावर रागावून होतो. आणि तो मुळी नव्हताच.

तुझ्या देवाला डोळे नाहीत म्हणालो होतो. मला तरी कुठे होते? त्याला माझ्या वतीनं नमस्कार सांग. मी स्वतः सांगितला तर तो दचकेल.

बाईंना विचारलं. त्यांनी आधी तोंड वाकडं केलं. फुलात असताना उपटलं तर बी कुठून, म्हणाल्या. मग म्हणाल्या, माळावरची बी हट्टी असते, वर्षानुवर्षं पडून राहते, जुनं काही खाली असेलही. तेव्हा आशा सोडू नको, पण शोधायची पद्धत बदल. उभं राहून बघू नकोस. उभ्या माणसाला माळ सपाट दिसतो. सकाळी आठच्या सुमाराला उन्हाकडे तोंड करून पोटावर झोप, गाल जमिनीला लाव आणि एक डोळा मिट. किरण कोवळ्या पानांच्या लवेत अडकतात. जे दहा पावलांवरून दिसलं नाही ते चमकायला लागतं. मी सगळे फोटो असेच काढतो. म्हणून तर माझे सगळे शर्ट पोटावर विटलेत.

डोळ्यावर पडदा आहे. एप्रिलमध्ये काढायचाय. दार नव्हे, खिडकी.

फूल असो नसो, मी चोवीसला येतोच आहे. तिपाई पुसून ठेव.

तुझा,
मिचक्या
(लहानपणी ठेवलेलं नाव तू विसरली असशील, पण एक डोळा मिटायची सवय तशीच आहे.)


॥ श्री ॥
ता. १३ फेब्रुवारी

चि. मिचक्यास अ. आ. वि. वि.

सहासष्टाव्या वर्षी पोटावर झोपले. सांगितलंस तसं, गाल मातीला लावून, एक डोळा मिटून. दहा मिनिटं झाली नाहीत तर शिवणवाल्या शेजारणीनं लांबून पाहिलं आणि मी पडले असं समजून ती तांब्याभर पाणी घेऊन धावत आली. मी फुलं शोधतेय म्हटल्यावर तिनं ते पाणी माझ्या डोक्यावर ओतायचं का प्यायला द्यायचं, याचा बराच विचार केला. दुपारपर्यंत वस्तीत झालं होतं की पंपघराच्या बाईंना दृष्टांत होतात.

पण तुझी युक्ती खरी आहे. जमिनीवरून बघितलं तर माळ म्हणजे वेगळंच गाव दिसतं. केवढी गर्दी, आणि सगळी आपापल्या कामात. ओहोळात मात्र चार सकाळी झोपून काढल्या तरी पाहुणीचं पान दिसलं नाही. हे म्हणाले, पुरे. मलाही पुरे वाटलं.

काल स्वयंपाकघरामागे तण काढायला बसले. तिथे फुटका हौद होता, आठवतो? देवाची वाळलेली फुलं मी कधी कचऱ्यात टाकत नाही, ती त्या हौदात टाकायची. वर पत्रा, त्यामुळे आत थेंब जात नसे. वर्षानुवर्षं साचत गेलं. गेल्या ऑक्टोबरात यांनी तो पाडला आणि आतली माती मागच्या खड्ड्यात पसरली. लगेच पाऊस आला, म्हणून तण माजलं, एवढंच माझ्या डोक्यात.

तीन रोपं उपटली. चौथ्याला हात घातला आणि बोटांना वास आला. ओल्या पाटीचा. आईनं शिकवलेली खूण होती ती, पाहुणीचं पान चुरडलं की ओली पाटी. मी तिथेच, राखेच्या डब्याशेजारी, पोटावर झोपले. तुझ्या एका डोळ्यानं बघितलं. पानांना चंदेरी लव आणि मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी कळी, टोकाला निळी.

देठासकट तोडली होती ना मी. खालच्या शेंगा पिकलेल्या असणार. देवापुढून उठून हौदात गेल्या आणि नऊ वर्षं झोपल्या.

सात होती, चार उरली. तीन मीच उपटली. लपवत नाही, लपवून काय होतं ते आपण दोघांनी पाहिलंय. ती पुन्हा लावली, पण माना टाकल्या.

कळ्यांकडे बघता चोवीसला उशीर होईल. लवकर नीघ. यांनी भोवती खुर्च्या मांडून कुंपण केलंय, त्यामुळे आम्ही जेवायला जमिनीवर बसतो.

वाट बघते. या वेळी आधी काही देत नाही, नुसती वाट बघते.

ताई


कार्ड
ता. १७ फेब्रुवारी

ति. ताईस सा. न.
आज रात्री निघतो, हे कार्ड सकाळच्या बसवाल्याच्या हाती देतोय. परवा दुपारी पोचेन. बस चुकली किंवा बंद पडली तर दुकानात फोन करीन, वस्तीनं ऐकलं तरी चालेल. खुर्च्या हलवू नका. पाणी घालू नकोस, तिला सवय नाही.
मिचक्या


ता. १९ मार्च

ति. ताईस, भाऊचा शि. सा. न. वि. वि.

सोबत प्रिंट पाठवतोय. पुठ्ठ्यांच्या मधे आहे, दोरी कापू नकोस म्हणून सांगायची गरज नाही, तू ती सोडवून गुंडाळून ठेवशीलच.

परत आल्यापासून रोज एकदा तरी ते तीन दिवस आठवतात. दहा ते बारा एवढाच वेळ उघडायची ती, आणि नेमका तेव्हाच वारा. तू चादर धरून भिंतीसारखी उभी, भाऊजी चहाच्या खोक्यांतले चंदेरी कागद चिकटवलेला पुठ्ठा घेऊन उकिडवे. वीस वर्षांचे कागद साठवलेस म्हणून त्यांनी तुला किती चिडवलं असेल, आणि शेवटी त्याच कागदांनी तिच्या पोटाखाली उजेड पाडला. मला भिंगातून नीट दिसेना तेव्हा तू जमिनीला गाल लावून मला मागे, पुढे, किंचित पुढे सांगत होतीस. फोटो कोणी काढला असं कोणी विचारलं तर मला उत्तर देताना अडखळायला होतं.

बाईंकडे घेऊन गेलो. आधी खूश झाल्या, मग भिंत दिसली. हे तर परसातलं आहे, म्हणाल्या. बागेत लावलेलं रोप माळाच्या पुस्तकात घालता येत नाही. मग मी सगळं सांगितलं, बस, नवस, तबक, हौद. बाईंनी विचारलं, कधी तोडली, कुठून तोडली, हौद कधी पाडला, पाऊस किती, याची कुठे नोंद आहे का? मी तुझ्या वहीतली नक्कल पुढे ठेवली. निघताना तू ती बळेच दिली होतीस, तेव्हा मला वाटलं होतं उगाच ओझं. त्यांनी एकेक तारीख बोट ठेवून वाचली. म्हणाल्या, माझ्या विद्यार्थ्यांनी अशी वही ठेवली असती तर.

बासष्टावं पान भरलं. फोटोखाली छापणार आहेत: माळावरच्या बियांपासून, वस्तीच्या कडेला. आणि नाव पाहुणी, आईनं ठेवलेलं. डाव्या कोपऱ्यात तुझ्या पायाचा अंगठा आलाय. बाई कापू म्हणाल्या, मी राहू द्या म्हटलं. त्यामुळे फूल केवढं ते कळतं, हे कारण सांगितलं. ते खरं कारण नाही.

शेंगा पिकल्या की बी ओहोळात टाक. गाळावर नको, वरच्या कडेला.

डोळ्याचं एप्रिलच्या दहाला ठरलंय. काळजी कर, पण थोडी. आणि त्या वेळी देवाला काय द्यायचं ते मला आधी विचार.

तुझा,
मिचक्या


॥ श्री ॥
ता. २७ मार्च

चि. मिचक्यास अ. आ. वि. वि.

प्रिंट पोचली. दोरी गुंडाळून ठेवली.

अंगठ्याचं नख कापलेलं नाही हे आता पुस्तकभर होणार. सांगितलं असतंस तर कापलं असतं. यांना दाखवलं तर म्हणाले, फूल छान आहे, पण मेहुण्यानं मुख्य विषय कोपऱ्यात ढकललाय.

शेंगा सोमवारी पिकल्या. फुटताना टिचकी मारल्यासारखा आवाज येतो, ते मला ठाऊक नव्हतं. सगळं बी रुमालात धरलं. मंगळवारी आम्ही दोघं ओहोळावर गेलो आणि वरच्या कडेला टाकून आलो. चिमूटभर परत हौदाच्या जागी. यांनी खुणेला दगड मांडले. पुन्हा कधी येईल ते ती बघेल. आपण असू नसू, वही असेल. शिवणवालीच्या मुलीला डबा वाचायला शिकवतेय. हुशार आहे, फक्त अक्षर कोंबडीचं.

प्रिंट देवापुढे ठेवलीय. पहिल्यांदाच असं फूल वाहिलं जे मी तोडलेलं नाही आणि जे संध्याकाळी उचलावं लागत नाही. हे म्हणतात, तुझ्या काटकसरीचा कळस झाला. म्हणोत. रोज हात जोडताना मला तिथे तुझा मिटलेला डोळा दिसतो. तो दहा तारखेला उघडेल. आम्ही नऊला तिकडे पोचतोय, तिकिटं काढली, आता नाही म्हणून उपयोग नाही.

तू निघालास त्या दिवशी वहीत लिहायचं राहून गेलं होतं. काल ते भरून काढलं. तारीख तीच ठेवली, खोटेपणा नको. तुझ्यासाठी उतरवून देते:

पाऊस नाही. वारा, दुपारनंतर पडला.
पाहुणी चार. तोडली, एकही नाही.
भाऊ आला होता. जेवून गेला.

आशीर्वाद.

तुझी,
ताई